प्रश्नात नेमकं काय मागितलंय? रत्नागिरीहून सीसीआयई लॅबपर्यंत

२१ नोव्हेंबर २०२३ ला बेंगळुरूमध्ये सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चरची (सिस्को कंपनीचं नेटवर्क इंजिनिअरांसाठीचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र) लॅब परीक्षा, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, दिली आणि पास झाले. तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी फोन केले त्यांचे प्रश्न ठरलेले होते. क्लास लावलास का, मशीनला रॅम किती, ऑटोमेशन कितपत यायला लागतं. या सगळ्याची उत्तरं नेटवर ढिगाने आहेत. मला आधी कोणी सांगितली नव्हती ती गोष्ट वेगळीच आहे: या परीक्षेत कमांड तोंडपाठ असलेली माणसंही अडकतात, आणि ती अडकतात प्रश्न वाचताना. एका ओळीचे दोन अर्थ निघतात, दोन्ही अर्थांनी नेटवर्क चालतं, आणि गुण मात्र एकालाच असतात. माझ्या तयारीतला बराच काळ या पेचातच गेला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

एक खुलासा आधीच करते. परीक्षेला बसताना गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो. त्यामुळे तिथला एकही प्रश्न इथे नाही. खालची उदाहरणं मी सरावासाठी स्वतः रचलेली, किंवा कुडाळच्या एका मित्राबरोबर वाद घालता घालता तयार झालेली आहेत.

ज्यांना ही परीक्षा नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी एन्कोर नावाची लेखी परीक्षा असते, १२० मिनिटांची, शुल्क ४०० डॉलर. ती पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लॅब द्यावी लागते. लॅब आठ तासांची. पहिले तीन तास डिझाइनचे. त्यात राउटरला हात लावायचा नसतो, फक्त कागदपत्रं, आकृत्या आणि ग्राहकाचे ईमेल वाचून उत्तरं द्यायची. पुढचे पाच तास प्रत्यक्ष नेटवर्क उभं करायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, आहे त्यात सुधारणा करायची. एकूण गुण ठरावीक पातळीच्या वर हवेतच, शिवाय दोन्ही भागांत किमान गुणही हवेत. म्हणजे एका भागात भरपूर मिळवून दुसरा झाकता येत नाही. जुन्या लोकांकडून दोन दिवसांच्या लॅबच्या कहाण्या ऐकल्या असतील तर त्या २००१ च्या आधीच्या.

मी २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वेळी पुण्याहून रत्नागिरीला घरी आले ती इथेच राहिले. काम एका बँकेच्या शाखांच्या नेटवर्कचं, घरूनच. एन्कोर फेब्रुवारी २०२२ मध्ये दिली. ती घरून ऑनलाइन देता येते, पण परीक्षा चालू असताना लाइट गेली तर काय, या विचारानेच मी पुण्याचं सेंटर निवडलं. कोकणातल्या वाचकांनाही माझा हाच सल्ला. पावसाळ्यात तर घरून देऊच नका.

लॅबची तारीख मे २०२३ मध्ये घेतली. भारतात कायमचं केंद्र बेंगळुरूला, सिस्कोच्याच आवारात, आउटर रिंग रोडवर कडुबीसनहळ्ळीजवळ. मनासारखी तारीख लगेच मिळत नाही. मला दिवाळीनंतरची हवी होती, आणि रोज रात्री कॅलेंडर उघडून बसल्यावर एकदाची एक मंगळवारची जागा मोकळी दिसली. पैसे परीक्षेच्या ९० दिवस आधी भरावे लागतात, म्हणजे माझे ऑगस्टमध्ये. २०२३ मध्ये शुल्क १६०० डॉलर होतं. तेव्हा डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे नुसतं शुल्कच १ लाख ३२ हजारांच्या वर. त्यावर कर आणि कार्डाचा परकीय चलनाचा आकार वेगळा. ज्या कार्डावर भरणार त्याची मर्यादा आणि परदेशी व्यवहार चालू आहेत का, हे आठवडाभर आधी बँकेत विचारून ठेवा.

आणि नावाचं बघा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. माझ्या प्रोफाइलवर नुसतं नाव आणि आडनाव होतं. ओळखपत्रावरचं आणि प्रोफाइलवरचं नाव जुळायला हवं, म्हणून मी सपोर्टला लिहिलं, पासपोर्टची प्रत जोडली. पहिलं उत्तर आलं ते ‘आणखी एक ओळखपत्र पाठवा’ असं. नाव बदलून यायला जूनचा शेवट उजाडला. यात अवघड काही नाही, पण शेवटच्या पंधरवड्यात हे निघालं तर झोप उडते.

घरच्या लॅबसाठी एक जुना डेस्कटॉप घेतला, ६४ जीबी रॅम घालून ४५ हजारांत पडला. त्यावर ईव्ह-एनजी या आभासी राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती. ओएसपीएफ आणि बीजीपी (राउटरांनी एकमेकांना रूट, म्हणजे मार्ग, सांगायच्या पद्धती), एमपीएलएस आणि डीएमव्हीपीएन (शाखा एकमेकींना जोडायची तंत्रं) हे सगळं त्यात आरामात होतं. एसडी-वॅन (शाखांमधलं नेटवर्क एका जागेवरून सॉफ्टवेअरने चालवणं) कसंबसं चालतं, कारण त्याचा व्यवस्थापक सर्व्हर एकटाच बरीच रॅम खातो. एसडी-ॲक्सेस (तेच ऑफिसच्या आतल्या नेटवर्कसाठी) घरी जमण्यातलं नाही. त्यासाठी तासांवर भाड्याने मिळणारी उपकरणांची रॅक घेतली. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते, त्यामुळे दर थोड्या वेळाने कॉन्फिगरेशन सेव्ह करायची सवय आपोआप लागली. परीक्षेतही ती उपयोगी पडते. यूपीएस मात्र चांगला घ्या. घरातला इन्व्हर्टर लाइट गेल्यावर सुरू व्हायला जो क्षणभर वेळ घेतो, तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो.

जुलैपर्यंत मला बहुतेक विषय येत होते. सराव प्रश्न सोडवून उत्तर ताडून पाहिलं की मात्र गंमत व्हायची. नेटवर्क चालतंय, पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते पाहायचा संदेश) जातोय, आणि उत्तर वेगळंच. हे का होतं ते माझ्या बाबांमुळे कळलं. बाबा दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेत. राउटर म्हणजे भिंतीवरची वायफायची पेटी, एवढीच त्यांची ओळख. पण आयुष्यभर दस्त वाचलेत. एका पावसाळी दुपारी, लाइट नव्हती म्हणून, मी छापून ठेवलेला एक प्रश्न त्यांनी सहज उचलून वाचला. प्रश्न असा: दुसऱ्या शाखेतल्या सर्व राउटरांनी इंटरनेटला आर-२१ मधून जावं. आर-२१ उपलब्ध नसेल तरच आर-२२ वापरावा. शाखेतल्या कोणत्याही राउटरवर स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) लिहू नये.

बाबा म्हणाले, “अगं, उपलब्ध नसेल म्हणजे काय? पेटी बंद पडली, की पेटी चालू आहे पण तिच्यातून बाहेर जाणारी वायर तुटली?”

मी गप्प. कारण माझं उत्तर फक्त पहिल्या अर्थाचं होतं. ओएसपीएफमध्ये आर-२१ वरून डिफॉल्ट रूट (दुसरा मार्ग माहीत नसेल तेव्हा घ्यायचा मार्ग) जाहीर करताना मागे ‘ऑलवेज’ लावलं, तर आर-२१ ची बाहेरची लिंक पडली तरी तो ‘माझ्याकडे या’ असं सांगतच राहतो. शाखेची सगळी वाहतूक त्याच्याकडे जाते आणि तिथेच संपते. ‘ऑलवेज’ काढलं तर त्याच्या स्वतःच्या टेबलात डिफॉल्ट रूट असेपर्यंतच तो जाहीर करतो. मग बाहेरचा बीजीपी पडला की जाहिरात आपोआप मागे घेतली जाते आणि आर-२२ पुढे येतो. पेटी बंद पडण्याचा अर्थही यात येतोच. म्हणजे दुसरी रचना दोन्ही अर्थ पुरे करते, पहिली एकच.

मग बाबांनी ‘सर्व’ या शब्दावर बोट ठेवलं. “यातला एखादा आर-२२ च्या शेजारी असेल तर?” पुन्हा नेमका मुद्दा. ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेले रूट दोन प्रकारचे. ई-२ मध्ये बाहेरचं मेट्रिक (मार्गाच्या अंतराचा आकडा, कमी तो बरा) तसंच राहतं, ई-१ मध्ये आतलं अंतर त्यात मिळवलं जातं. आर-२१ ला मेट्रिक १० आणि आर-२२ ला २० देऊन प्रकार ई-१ ठेवला, तर आर-२२ ला चिकटून असलेला राउटर आर-२२ लाच जवळचा मानू शकतो. ई-२ ठेवला तर कुठेही बसलेला राउटर १० आणि २० मधून १० च उचलतो. ‘सर्व’ लिहिलंय ना, मग ई-२.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहा घेताना एक प्रश्न बाबांना वाचायला द्यायचा, असा नेमच झाला. त्यांना इंग्रजी सरकारी भाषेची सवय, त्यामुळे वाक्यं अडत नसत. त्यांची पद्धत मी उचलली. कोणी करायचं, कुठे करायचं, काय करायची मनाई आहे, आणि काम झालं याचा पुरावा काय. कागदाच्या कडेला एवढं लिहिल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. सुरुवातीला वेळ जातो असं वाटायचं. ऑगस्टपर्यंत तोच वेळ मागे परत यायला लागला, कारण केलेलं पुसून पुन्हा करणं थांबलं.

‘कुठे करायचं’ यावर बीजीपीत तर सगळा खेळ असतो. समजा मागणी आहे: एएस (एकाच संस्थेच्या ताब्यातलं नेटवर्क) ६५०१० मधून बाहेर जाणारी वाहतूक आर-५ मधून जावी. इथे लोक सवयीने आर-५ च्या शेजाऱ्याला वेट (हाही पसंतीचाच आकडा) लावतात. वेट हे त्या एका राउटरच्या डोक्यातलं, ते बाहेर कोणाला सांगितलं जात नाही. आर-६ ला त्याचा पत्ताच नसतो, तो आपल्या लिंकमधून खुशाल बाहेर जातो. वाक्य आख्ख्या एएसबद्दल आहे, म्हणून लोकल प्रेफरन्स, म्हणजे पसंतीचा आकडा, जो एएसमधल्या सगळ्या राउटरांपर्यंत पोहोचतो. नेहमीचा १०० असतो, आर-५ वर येणाऱ्या रूटला त्याहून जास्त द्यायचा. आता त्याच वाक्याच्या शेवटी ‘बदल फक्त आर-६ वर करावा’ अशी पुस्ती असेल, तर तोच लोकल प्रेफरन्स आर-६ वर १०० च्या खाली न्यायचा. आणि वाक्यात ‘आत येणारी वाहतूक’ असेल तर हे सगळं बाजूला, तिथे मेड (शेजारच्या एएसला सुचवायचा आकडा) किंवा एएस-पाथ (वाटेतल्या एएसची यादी) लांबवणं. एक क्रियापद बदललं की तंत्र बदलतं.

मनाईची वाक्यं वाचताना उलटा धोका असतो. माणूस घाबरून मनाई फुगवतो. ‘स्टॅटिक रूट नको’ असं लिहिलेलं असताना टेबलात नल-० कडे (म्हणजे वाहतूक टाकून देण्याकडे) जाणारा रूट दिसला की पोटात गोळा येतो. पण ईआयजीआरपीत (रूट सांगायची आणखी एक पद्धत) समरी केली, म्हणजे अनेक रूट एकात मिळवले, ओएसपीएफमध्ये एरिया रेंज दिली किंवा बीजीपीत ॲग्रिगेट केलं, की हा रूट राउटर स्वतःच तयार करतो. तो आपण लिहिलेला स्टॅटिक नव्हे. मनाई लिहिण्याला आहे, टेबलात दिसण्याला नाही. बीजीपीत समरी जाहीर करायला नल-० चा स्टॅटिक लिहून मग नेटवर्क कमांड देण्याची जी जुनी युक्ती आहे, ती मात्र या मनाईत सरळ सापडते.

‘या लिंकवर डीआरची निवडणूक होऊ नये’ हे आमच्या वादाचं आवडतं वाक्य होतं. (डीआर म्हणजे ओएसपीएफमध्ये एका लिंकवरच्या राउटरांनी निवडलेला प्रमुख.) कुडाळचा मित्र हट्टाने म्हणायचा, दोन्हीकडे प्रायॉरिटी (निवडणुकीतलं वजन) शून्य करू, निवडणूकच नाही. निवडणूक नाही हे खरं, पण इथरनेटच्या नेहमीच्या ब्रॉडकास्ट प्रकारात दोघंही शून्य असले तर दोस्ती ‘टू-वे’ या अर्धवट पायरीवरच अडकते, रूट येतच नाहीत. पॉइंट-टू-पॉइंट (दोघांचीच लिंक) प्रकार केला की निवडणूकही नाही आणि शेजार पूर्ण. प्रश्नाने न बोलता धरलेली अट असते की नेटवर्क चाललं पाहिजे. शब्दाला चिकटून राहायचं ते या अटीच्या आत राहून. त्यावर मित्र वैतागून म्हणाला, “ह्यां तेंनी आधी लिवूक नको?” खरं तर लिहिलेलं असतं, पण पहिल्या पानावरच्या सर्वसाधारण सूचनांत, जी पानं आपण भराभर उलटतो.

आणि मग पुरावा. प्रश्नासोबत कधी अपेक्षित आउटपुट दिलेलं असेल तर ते प्रश्नाइतकंच काळजीपूर्वक वाचा. मजकुरात रूटचा प्रकार लिहिलेला नाही, पण नमुन्यात ‘ओ ई-१’ दिसतंय, तर रीडिस्ट्रिब्यूशनमध्ये (एका पद्धतीतले रूट दुसरीत घालताना) मेट्रिक-टाइप एक लावणं आलंच, कारण न लावता ई-२ येतं. बीजीपीच्या टेबलात ओळीच्या शेवटी ‘आय’ आहे की प्रश्नचिन्ह, हे पाहा. ‘आय’ असेल तर रूट नेटवर्क कमांडने आलेला, प्रश्नचिन्ह असेल तर रीडिस्ट्रिब्यूट केलेला. लूपबॅक (राउटरमधला आभासी इंटरफेस) ३२ च्या मास्कने, म्हणजे एकच पत्ता म्हणून, दिसतोय की २४ च्या, म्हणजे पत्त्यांचा गट म्हणून? ओएसपीएफ लूपबॅकला आपणहून ३२ च दाखवतं. नमुन्यात २४ असेल तर लूपबॅकचा नेटवर्क प्रकार पॉइंट-टू-पॉइंट करायला सांगितलंय असं समजायचं, वाक्यात कुठेही ते नसलं तरी.

मित्राने रचलेला एक प्रश्न मला फार आवडला. डीएमव्हीपीएनमध्ये शाखांनी एकमेकींशी थेट बोलावं, आणि प्रत्येक शाखेला हबकडून (मधल्या मुख्य राउटरकडून) फक्त डिफॉल्ट रूट मिळावा. ‘थेट’ एवढंच वाचलं तर डीएमव्हीपीएनचे फेज दोन आणि फेज तीन हे दोन्ही प्रकार बसतात. पण फेज दोनला शाखेकडे दुसऱ्या शाखेचा नेमका रूट आणि त्याचा खरा नेक्स्ट-हॉप (पुढच्या राउटरचा पत्ता) हवा. नुसत्या डिफॉल्टवर भागवायचं तर फेज तीनच, हबवर एनएचआरपी (शाखांचे खरे पत्ते शोधून देणारी पद्धत) रीडायरेक्ट आणि शाखांवर शॉर्टकट. पहिलं वाक्य संदिग्ध, दुसऱ्या वाक्याने ते बांधून टाकलं. त्यामुळे प्रश्न पूर्ण वाचून होईपर्यंत मनात तंत्राचं नाव येऊ द्यायचं नाही, हे मी अक्षरशः भिंतीवर चिकटवलं होतं.

तरीही काही ठिकाणी दोन अर्थ उरतातच. तिथे माझा नियम होता: ज्याने कमी राउटरांवर, कमी गोष्टी बदलतात तो अर्थ घ्यायचा. न मागितलेलं ऑथेंटिकेशन, न मागितलेला टायमर, ‘चांगली पद्धत’ म्हणून केलेली साफसफाई, यातलं काही नाही. नोकरीत हे सगळं मी करते आणि करायलाच हवं. परीक्षेत तो राउटर माझा नाही.

सप्टेंबरात गणपती. १९ तारखेला चतुर्थी, घर चाकरमान्यांनी भरलेलं, माझ्या डेस्कटॉपच्या खोलीत मुंबईची भावंडं झोपलेली. गौरी-विसर्जन होईपर्यंत अभ्यास बंद ठेवला. कोकणात राहून या परीक्षेची तयारी करणाऱ्याने वेळापत्रकातच ही सुट्टी धरावी. धरली नाही तर अभ्यासही होत नाही आणि आरतीतही लक्ष लागत नाही. ऑक्टोबरात आठ तासांचे सलग सराव केले, सकाळी लवकर सुरू करून, फोन आईकडे देऊन. दिवाळीत फराळ झाला की पुन्हा खोलीत.

१९ नोव्हेंबरला रविवारी निघाले. रत्नागिरीहून बेंगळुरूला सरळ सोय मला तरी सापडली नाही. हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाटाने एसटी कोल्हापूरला जाते. रस्ता रुंद करायचं काम चालू असल्याने वेळेचा भरवसा नव्हता, म्हणून सकाळचीच गाडी धरली. कोल्हापूरहून रात्रीची स्लीपर बस, १२०० रुपये. त्या दिवशी वर्ल्ड कपची फायनल. बस निघाली तेव्हा प्रत्येक बर्थमधून कॉमेंट्री ऐकू येत होती. नंतर ती एकेक करून बंद झाली, आणि मला त्या मानाने बरी झोप लागली.

लॉज केंद्रापासून चालत जाता येईल असाच घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी. आउटर रिंग रोडवर सकाळी अडकलात तर काय होईल याचा विचार करत रात्र काढण्यापेक्षा ते परवडतं. मी सोमवारी दुपारी एकदा गेटपर्यंत चालून आले. कुठल्या फाटकातून सोडतात, पहारेकऱ्याला काय दाखवायचं, हे विचारून ठेवलं. स्वेटर न्या, खोली थंड असते.

मंगळवारी सकाळी पासपोर्ट दाखवला, फोन आणि घड्याळ ठेवून दिलं. प्रॉक्टरने, म्हणजे परीक्षेच्या पर्यवेक्षकाने, नियम सांगितले. त्यातलं महत्त्वाचं एवढंच की प्रश्नाचा अर्थ विचारता येईल, उत्तर बरोबर आहे का ते विचारता येणार नाही.

डिझाइनच्या भागात मागे जाता येत नाही. एक उत्तर देऊन पुढे गेलं की ते संपलं. यासाठी सराव करताना ग्राहकाचे ईमेल मी स्वतःच लिहायची. एका ईमेलात ‘खर्च कमीत कमी ठेवा’, पुढच्यात ‘बंद पडलेलं अजिबात चालणार नाही’. अशा वेळी कोणाचं ऐकायचं? माझा क्रम ठरलेला होता. आधी प्रश्नाची स्वतःची ओळ काय विचारते ते, मग ग्राहकाच्या कागदात काय लिहिलंय ते, आणि माझा कामाचा अनुभव सगळ्यात शेवटी. प्रश्नाच्या ओळीत ‘खर्चाची अट पाळून’ असं असेल तर बंद पडण्याचा मुद्दा त्या प्रश्नापुरता मागे. तीन तास पुरले, पण उरले असं नाही. वाचायलाच पुष्कळ असतं, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी लांबलचक मजकूर वेगाने वाचायचा सराव वेगळा करावा असं मी म्हणेन.

पाच तासांच्या भागात सुरुवातीला कमांड एकही मारली नाही. सगळे प्रश्न वाचले आणि खरडायला मिळालेल्या कागदावर बाबांचे चार रकाने काढले. कोण, कुठे, मनाई, पुरावा. शेजारचा टायपिंगला लागलेला ऐकू येत असताना वाचत बसणं कठीण जातं. पण याच वाचनात कळतं की पुढच्या एखाद्या कामासाठी आधीचं काम विशिष्ट पद्धतीने करावं लागणार आहे. नावं टाइप करायची नाहीत, प्रश्नातून कॉपी करायची. व्हीआरएफ (एकाच राउटरमधलं वेगळं रूटचं टेबल) आणि रूट-मॅपच्या (रूटवरच्या नियमांची यादी) नावांत लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, आणि पासवर्डच्या मागे चुकून एक स्पेस आली तर शेजार का होत नाही हे शोधण्यात बराच वेळ जाऊ शकतो. कॉपी केल्यावर शेवट बघायचा.

प्रॉक्टरला शंका विचारण्याचीही एक रीत आहे. ‘हे कळलं नाही’ म्हटलं तर ‘पुन्हा वाचा’ हेच उत्तर मिळतं. ‘मी असं केलं तर चालेल का’ म्हटलं तर उत्तरच मिळत नाही. मी घरून तयारी करून गेले होते: आपले दोन अर्थ आपणच मांडायचे आणि कुठला अभिप्रेत आहे ते विचारायचं. ‘या ओळीतल्या उपकरणांत अमुक गट धरलाय की फक्त तमुक?’ अशा पद्धतीने. एका शंकेला मला सरळ उत्तर मिळालं. दुसऱ्या वेळी तो शांतपणे म्हणाला की सुरुवातीच्या सूचना पुन्हा बघा. गेले, पाहिलं, उत्तर तिथेच होतं. तिसऱ्या एका ठिकाणी म्हणाला, जेवढं लिहिलंय तेवढंच. हेही उत्तरच आहे. म्हणजे मी त्यात स्वतःचं काही घालत होते. बोलायचं इंग्रजी साधं असलं तरी चालतं, फक्त दोन पर्याय स्पष्ट हवेत. संकोचाने खुर्चीत बसून राहू नका, त्या खुर्चीचे लाखावर रुपये भरलेत.

शेवटचा वेळ नवीन काही करायला ठेवायचा नाही, रकाने पुन्हा वरून खाली तपासायला ठेवायचा. उशिरा केलेलं काम आधीचं मोडतं, विशेषतः रीडिस्ट्रिब्यूशन. पिंग करताना सोर्स कुठला घेतलाय तेही बघायचं. ‘लूपबॅक एकमेकांपर्यंत पोहोचावेत’ असं असेल आणि आपण इंटरफेसवरून पिंग करून खूश असू, तर अर्धी वाट तपासलेलीच नसते. एक काम मी सोडून दिलं. त्याचा अर्थ लागला होता, वेळ नव्हता. त्यासाठी चालू असलेल्या तीन गोष्टी धोक्यात घालायच्या नाहीत असं ठरवलं.

बाहेर पडल्यावर पास की नापास, काही सांगता येत नव्हतं. डोकं सुन्न, भूक भयंकर. त्याच रात्रीची बस पकडली. निकाल ४८ तासांत येतो असं सांगतात, माझा बुधवारी संध्याकाळी आला, मी घरी पोहोचून झोपून उठल्यावर. ईमेलात नुसतं निकाल पाहा असं असतं, मग लॉगिन करून बघायचं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “कागदावर आलंय ना? मग ठीक.” सोबत एक क्रमांक मिळतो. या क्रमांकांची सुरुवात १०२४ पासून झाली, १९९३ मध्ये, आणि तो पहिला आकडा माणसाला नाही, लॅबलाच दिला होता. असली माहिती परीक्षेत विचारत नाहीत, पण मला ती आवडते.

खर्चाचं विचारतात म्हणून: एन्कोर आणि लॅबचं शुल्क करांसकट, डेस्कटॉप, भाड्याची रॅक, प्रवास, लॉज असं सगळं मिळून माझे अडीच लाखांच्या आसपास गेले. कंपनीने लॅबचं शुल्क निकालानंतर परत दिलं, पण त्यासाठी पावतीवर कंपनीचं नाव नको, उमेदवाराचंच हवं, शिवाय कार्डाचं स्टेटमेंट हवं, अशी अट होती. तुमच्याकडे काय लागतं ते पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. प्रमाणपत्र तीन वर्षांचं. ते टिकवायला पुन्हा लॅब द्यायलाच हवी असं नाही, मान्य अभ्यासक्रम करून १२० क्रेडिट जमवले तरी चालतं. मी त्यातला पहिला कोर्स लावलाय. वर्ग ऑनलाइन आहे आणि ऐन जूनमध्ये येतोय, म्हणून यूपीएसची बॅटरी आत्ताच बदलून घेतली. २८०० रुपये, जुनी परत देऊन.